जागेपुरती भूल

१७८२ साली लखनौमध्ये क्लॉड मार्टिन नावाचा एक फ्रेंच माणूस स्वतःच्या मूत्राशयातला खडा कानशीने घासत होता. ल्यों शहरात जन्मलेला, पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी झालेला आणि अवधच्या नवाबाचं शस्त्रागार सांभाळणारा हा गृहस्थ हाताचा कसबी होता. लखनौ आणि कोलकात्याच्या ला मार्टिनियर शाळा त्याच्याच मृत्युपत्रातून उभ्या राहिल्या. त्याने एका बारीक पोलादी सुईच्या टोकाला कानशीसारखे दाते पाडले, तिला मूठ बसवली आणि मूत्रमार्गात घातलेल्या पोकळ नळीतून ती आत सरकवली. मूत्राशयात आधी कोमट पाणी भरायचं, खडा सुईला टेकेल अशा बेताने अंग वळवायचं आणि हळूहळू घासायचं. दिवसातून अनेकदा असं करत कित्येक महिने त्याने हा उद्योग चालवला. खड्याचा चुरा लघवीवाटे पडत गेला आणि त्याला आराम पडला. पुढे त्याने ही हकिकत लिहून इंग्लंडमधल्या वैद्यांनाही कळवली.

त्याच्याकडे पैसा होता, चांगल्यातला चांगला सर्जन बोलावण्याची ऐपत होती. तरी त्याने हा मार्ग धरला, कारण दुसरा मार्ग काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुतखड्याच्या उपचाराचा इतिहास पाहताना मला सतत जाणवत राहतं ते हेच. माणसं खड्याला घाबरत, पण त्याहून जास्त घाबरत ती तो काढण्याला. खडा कुठून आणि कसा काढायचा, किती वेळ घ्यायचा, कोणावर हात टाकायचा आणि कोणाला देवाच्या भरवशावर सोडायचं, हे सगळं वेदनेने ठरवलं होतं.

त्या काळी मुतखडा म्हणजे बहुतेक वेळा मूत्राशयातला खडा. किडनीतला खडा शरीरात इतका खोल असतो की तिथवर पोचण्याचा विचारही सहसा कोणी करत नसे. मूत्राशयाचा खडा मात्र खालून, गुदद्वाराच्या पुढच्या भागातून काढता येतो, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याचं बारीकसारीक वर्णन आहे. रुग्णाला एका बलवान माणसाच्या मांडीला टेकवून बसवायचं, गुडघे आणि कोपरं पट्ट्यांनी बांधायची, डाव्या हाताची तेल लावलेली दोन बोटं गुदमार्गात घालून खडा खाली ओढून आणायचा, मग मधल्या शिवणीपासून जवाएवढं अंतर सोडून डाव्या बाजूला छेद घ्यायचा. खडा फुटता कामा नये, कारण राहिलेला कणही पुन्हा वाढतो, अशी ताकीद तिथे आहे. कुशल वैद्याच्या हातूनही यश येईलच असं नाही, पण शस्त्र न लावल्यास मरण ठरलेलं, म्हणून राजाची परवानगी घेऊनच हे करावं, असंही सांगितलं आहे. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला तीव्र मद्य पाजावं असा सल्ला सूत्रस्थानात येतो. वेदनेवरचा उपाय एवढाच.

रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात जवळपास अशीच पद्धत लिहून ठेवली आणि ती प्रामुख्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलांवर करावी असं म्हटलं. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत तर वैद्याने खड्यासाठी चाकू लावूच नये, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडावं, असं कलम आहे. प्रतिष्ठित वैद्यांनी हात झटकले आणि हे काम गावोगाव फिरणाऱ्या खडेकाढ्यांकडे गेलं.

सॅम्युअल पेपिस या लंडनच्या रोजनिशीकाराने २६ मार्च १६५८ ला आपला खडा काढून घेतला. खडा टेनिसच्या चेंडूएवढा होता, असं त्याचा समकालीन जॉन एव्हलिन नोंदवतो. पेपिस वाचला आणि पुढे वर्षानुवर्षं त्या तारखेला तो मेजवानी देत असे. खडा ठेवायला त्याने खास पेटीही करून घेतली होती. आपण जगलो याचं अप्रूप त्या माणसाला जन्मभर वाटत राहिलं.

अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम चेसेल्डनने हे काम एका मिनिटाच्या आसपास आणून ठेवलं. शुद्धीवर असलेला, हातपाय बांधलेला माणूस त्याहून जास्त काळ सहन करू शकत नाही, ही त्यामागची साधी गोष्ट. त्याने आपल्या २१३ रुग्णांचा हिशेब जाहीर केला, त्यात २० दगावले होते. त्या काळाच्या मानाने हे फार मोठं यश होतं. पण या वेगाला मर्यादा होती. मिनिटभरात मोठी चीर घेऊन खडा ओढून काढता येतो. अरुंद मार्गाने आत जाऊन, तपासत, थांबत, हलक्या हाताने काम करायचं तर वेळ लागतो, आणि वेळ हीच तर रुग्णाजवळ नसलेली गोष्ट.

चीर टाळण्याचा पहिला मोठा प्रयत्न पॅरिसमध्ये झाला. १३ जानेवारी १८२४ ला नेकेर रुग्णालयात झाँ सिव्हियालने विज्ञान अकादमीच्या प्रतिनिधींसमोर एका रुग्णाच्या मूत्राशयातला खडा चाकू न लावता फोडून दाखवला. त्याचं अवजार म्हणजे मूत्रमार्गातून जाणारी सरळ नळी. तिच्यातून तीन नख्या बाहेर पडून खडा पकडत आणि मधली सळई तो कोरत असे. रुग्ण पूर्ण जागा. पुढच्या दशकात सिव्हियालने दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी मांडले. चिरण्याच्या पद्धतीत पाचातला साधारण एक दगावत होता, फोडण्याच्या पद्धतीत शंभरात दोन-तीन. उपचारांची तुलना मोजदादीने करावी या विचाराची ही एक सुरुवातीची पायरी मानली जाते.

तरी वेदनेने इथेही अडवलंच. मूत्रमार्गाचं अस्तर फार हळवं असतं. अवजार आत गेलं की मूत्राशय आकसतं, पाणी बाहेर फेकतं, रुग्ण तळमळतो. म्हणून बैठक काही मिनिटांतच आटपायची, उरलेले तुकडे आपोआप पडण्याची वाट पाहायची आणि थोड्या दिवसांनी पुन्हा सुरुवात. मधल्या दिवसांत तुकड्यांची टोकं आतून बोचत राहत, ताप चढे, आणि काही जण त्यातच जात.

१६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि महिन्याभराने तिची बातमी वैद्यकीय नियतकालिकातून जगाला देणारा तरुण सर्जन होता हेन्री जेकब बिगेलो. याच बिगेलोने बत्तीस वर्षांनी, १८७८ मध्ये, त्या भुलेचा मुतखड्यासाठी खरा उपयोग करून दाखवला. त्याचं म्हणणं होतं की रुग्ण बेशुद्ध असेल तर मूत्राशय आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ हाताळणी सोसतं. मग बैठका कशाला? एकाच वेळी, लागेल तेवढा वेळ घेऊन खडा फोडायचा आणि जाड नळीने सगळा चुरा धुऊन ओढून घ्यायचा. या एका विचाराने पद्धतच पालटली. आपल्याकडे इंदूरच्या रेसिडेन्सीत सर्जन असलेल्या डी. एफ. कीगनने १८८० च्या दशकात हेच काम लहान मुलांवर करून दाखवलं. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, त्यातून अवजार जाणारच नाही, अशी तोवर पक्की समजूत होती. होळकरांच्या राज्यात आणि एकूणच उत्तर व मध्य हिंदुस्थानात मूत्राशयाचे खडे पोरवयात फार होत, त्यामुळे हा अनुभव जगाने हिंदुस्थानातून शिकला. इथली भूल बहुधा क्लोरोफॉर्मची.

पूर्ण भुलेने सर्जनला वेळ दिला. पण मुतखड्याच्या रुग्णांच्या बाबतीत तिची एक खास अडचण होती. फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन इंग्लंडमध्ये आश्रयाला असताना जानेवारी १८७३ मध्ये सर हेन्री थॉम्पसनने क्लोरोफॉर्म देऊन त्याचा खडा दोनदा फोडला. तिसऱ्या बैठकीची तयारी चालू असताना ९ जानेवारीला तो वारला. शवविच्छेदनात त्याच्या किडन्या आधीच खराब झालेल्या आढळल्या आणि खड्याचा मोठा भाग अजून आतच होता. दोष एकट्या क्लोरोफॉर्मवर टाकता येणार नाही. पण चित्र स्पष्ट होतं. खडा जितकी वर्षं राहतो तितकं लघवीचं तुंबणं आणि जंतुसंसर्ग किडनी पोखरत जातात. म्हणजे ज्याला शस्त्रक्रियेची सर्वांत जास्त गरज, त्याचंच शरीर पूर्ण भूल पेलायला सर्वांत कमजोर. अशा माणसाला शुद्ध न घालवता फक्त दुखणारी जागा बधिर करता आली तर?

त्याचं उत्तर आलं व्हिएन्नाहून, आणि तेही डोळ्याच्या दवाखान्यातून. कोकाच्या पानांतून कोकेन वेगळं काढून जवळपास पाव शतक लोटलं होतं. जीभ बधिर होते हे माहीत असूनही त्याचा सर्जरीत उपयोग कोणाला सुचला नव्हता. सिग्मंड फ्रॉइड १८८४ मध्ये कोकेनवर लिहीत होता. त्याचा मित्र कार्ल कोलरने ते बेडकाच्या, मग स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिलं. १५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत त्याचा निबंध वाचला गेला, पण वाचला तो दुसऱ्याने. कोलरजवळ प्रवासाला पैसे नव्हते.

बातमी महिन्याभरात अमेरिकेत पोचली आणि वर्ष सरायच्या आत न्यूयॉर्कचा फेसेंडेन ओटिस मूत्रमार्गात कोकेनचं द्रावण सोडून आपले अनुभव छापत होता. वेळही जुळून आली. माक्स निट्झेची दिवा असलेली मूत्राशयाची दुर्बीण १८७९ मध्ये व्हिएन्नात लोकांसमोर आली होती. दुर्बीण घालायची तर रुग्ण शांत पडून राहायला हवा, आणि कोकेनने ते शक्य केलं. मूत्राशयात खडा आहे की नाही हे बोथट सळईने चाचपून, टणत्काराच्या आवाजावरून ठरवण्याचे दिवस संपत आले. डॉक्टर खडा पाहू लागला आणि रुग्ण जागा राहून त्याच्याशी बोलू लागला.

पण कोकेनने जीवही घेतले. मूत्रमार्गाचं अस्तर औषध भराभर शोषतं आणि अवजाराने जरा खरचटलं की ते थेट रक्तात उतरतं. त्या काळी डोस बेताल होते, दहा-वीस टक्क्यांचं द्रावण सहज सोडलं जाई. झटके येऊन टेबलावरच रुग्ण गेल्याच्या नोंदी १८८० च्या दशकातच छापून येऊ लागल्या. न्यूयॉर्कमध्ये नसेजवळ कोकेन टोचून एखादा पूर्ण भाग बधिर करण्याची पद्धत बसवणारा विल्यम हाल्स्टेड स्वतःवर प्रयोग करता करता त्याच्या व्यसनात सापडला. जागेपुरती भूल म्हणजे निर्धोक भूल नव्हे, हे लक्षात यायला फार वर्षं लागली नाहीत.

मग दोन दिशांनी काम सुरू झालं. एक, औषध सौम्य करणं. जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्नने तयार केलेलं नोवोकेन, म्हणजे प्रोकेन, १९०५ मध्ये हाइनरिश ब्राउनने सर्जरीत आणलं आणि त्यात अ‍ॅड्रेनॅलिनचा अंश मिसळला. त्याने रक्तवाहिन्या आकुंचतात, औषध टोचल्या जागीच रेंगाळतं आणि रक्तात हळूहळू उतरतं. दुसरी दिशा, औषध टोचायची जागा बदलणं. १६ ऑगस्ट १८९८ ला कील शहरात आउगुस्ट बीअरने पाठीच्या कण्यातल्या पाण्यात कोकेन टोचून एका मजुराच्या घोट्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर आठवड्याभराने तो आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी हाच प्रयोग स्वतःवर करून पाहिला. हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडीचे घाव घातले, पायाला पेटती सिगार टेकवली, त्याला काही कळलं नाही. पुढचे कित्येक दिवस दोघांना डोकेदुखीने हैराण केलं. आज आपल्याकडे मुतखड्याच्या ऑपरेशनला पाठीत इंजेक्शन दिलं असं लोक सांगतात, ते याच प्रयोगाचं वंशज.

आता किडनीचा प्रश्न पुढे आला. हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह सिमोनने १८६९ मध्ये विचारपूर्वक ठरवून अख्खी किडनी काढली होती आणि रुग्ण एका किडनीवर जगला. लंडनच्या हेन्री मॉरिसने १८८० मध्ये शाबूत किडनीत छेद घेऊन खडा काढला. मात्र किडनीची वेदना चामडीच्या वेदनेसारखी सरळ नसते. किडनीच्या मऊ गराला चाकूची फारशी जाण नाही. दुखतं ते तिच्यावरचं आवरण ताणलं की, आणि आतली लघवी तुंबून दाब वाढला की. ही वेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीत साधारण छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या पट्ट्यात शिरतात. त्याच पट्ट्यात कुशीच्या आणि जांघेच्या चामडीच्या नसाही येतात, म्हणून मुतखड्याची कळ कुशीतून निघून जांघेत उतरल्यासारखी वाटते. जर्मन सर्जननी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमक्या याच नसा मणक्याशेजारी टोचून बधिर करायला सुरुवात केली. माक्स काप्पिसने या पद्धतीवर पोटाच्या आणि किडनीच्या शस्त्रक्रिया केल्या. आर्थर लेव्हनने तर १९२२ मध्ये तिच्यावरून निदानच करून दाखवलं. पोटात असह्य कळ असलेल्या रुग्णाच्या एकाच नसेपाशी नोवोकेन टोचायचं. कळ थांबली तर त्या नसेच्या वाट्याचा अवयव दोषी. पित्ताशयाची एक नस, किडनीची दुसरी. सोनोग्राफी नसलेल्या काळात त्याने एका सुईने पोटाच्या आत डोकावून पाहिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

नोवोकेन सुरक्षित होतं, पण टिकत कमी आणि अस्तरावर नुसतं लावून फारसा परिणाम देत नसे. मूत्रमार्गासाठी ही मोठी उणीव. ती भरून निघाली स्टॉकहोममध्ये, आणि सुरुवात झाली जवाच्या रोपापासून. हान्स फॉन ऑयलर हा रसायनशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात कीड न लागणाऱ्या जवाच्या एका जातीचा अभ्यास करत होता. तिच्यातलं एक द्रव्य प्रयोगशाळेत बनवताना होल्गर एर्टमनच्या हातून त्याचंच एक भावंड तयार झालं. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांच्या सवयीप्रमाणे त्याने ते जिभेला लावून पाहिलं आणि जीभ बधिर झाली. हा धागा नील्स लोफग्रेनने पकडला. एकामागून एक रेणू घडवत १९४३ मध्ये त्याने आणि त्याचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्टने ज्या रसायनावर बोट ठेवलं ते म्हणजे लिग्नोकेन. लुंडक्विस्टने औषधाची कुपी घरी नेली, भुलेच्या पुस्तकात वाचून स्वतःला टोचून घेतलं आणि दोन-चार दिवसांत येऊन सांगितलं की हे सरस आहे. अ‍ॅस्ट्रा कंपनीने १९४८ मध्ये ते झायलोकेन या नावाने बाजारात आणलं.

आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात लघवीची नळी घालायची असेल तर सिस्टर आधी झायलोकेन जेलीची ट्यूब मागते. जेली मूत्रमार्गात भरायची, टोक काही मिनिटं दाबून धरायचं, मग नळी सरकवायची. घाईत ही काही मिनिटं वगळली जातात तेव्हा रुग्ण कळवळतो. औषध तेच असतं, त्याला काम करायला वेळ मिळालेला नसतो. टोचायचं तर मात्र मापाचं भान हवं. दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनच्या दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं. अ‍ॅड्रेनॅलिन नसेल तर वजनाच्या दर किलोला सुमारे ४.५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १३-१४ मिलिलिटर. लिग्नोकेन मुख्यतः यकृतात मोडतं, म्हणून किडनी कमजोर असलेल्या रुग्णालाही ते जपून देता येतं. मुतखड्याच्या रुग्णांसाठी ही फार मोलाची गोष्ट ठरली.

यानंतरच्या टप्प्यात औषध फारसं बदललं नाही. बदलली ती खड्यापर्यंत जाण्याची वाट. १९५५ मध्ये अमेरिकेत विलार्ड गुडविनने पाठीतून सुई घालून तुंबलेल्या किडनीत नळी बसवण्याची पद्धत छापली. टोचण्याच्या वाटेवरची चामडी आणि स्नायू बधिर केले की काम भागे. एकवीस वर्षांनी, १९७६ मध्ये, फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन या दोघांनी त्याच वाटेचा आणखी उपयोग केला. नळीचं भोक हळूहळू रुंद करायचं आणि त्यातूनच खडा बाहेर काढायचा. हेही स्टॉकहोममध्येच. पूर्वी कुशीत हातभर चीर घेऊन, कधी बरगडीचा तुकडा कापून जे करावं लागे ते बोटभर छेदावर आलं. माइन्त्समध्ये पीटर आल्केन आणि लंडनमध्ये जॉन विकहॅम यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत रुळवली. आपल्याकडे दुर्बिणीतून खडा काढला म्हणतात ती बहुतेकदा हीच, नाहीतर मूत्रमार्गातून वर जाणारी दुसरी.

७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये क्रिस्टियान शॉसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी छेदसुद्धा नको म्हणून दाखवलं. डॉर्निअर ही विमानं बनवणारी कंपनी. वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूत आत कुठे इजा होते, याच्या अभ्यासातून तिच्या तंत्रज्ञांच्या हाती धक्कालहरी आल्या होत्या. शरीराबाहेर निर्माण केलेल्या या लहरी पाण्यातून नेऊन खड्यावर एकवटल्या की खडा फुटतो. पहिल्या यंत्रांमध्ये रुग्णाला मोठ्या टबातल्या पाण्यात बसवत आणि हृदयाच्या ठोक्याशी जुळवून एकेक धक्का देत. लहर चामडीतून शिरताना आणि बरगडीवर आदळताना चांगलीच दुखे, म्हणून पूर्ण भूल नाहीतर पाठीतलं इंजेक्शन लागेच.

इथेही जागेपुरती भूल पोचली. १९८७ पर्यंत लहर शिरते त्या भागाच्या चामडीत आणि बरगड्यांमधल्या नसांपाशी लिग्नोकेन टोचून हे उपचार केल्याचे अनुभव छापले गेले. मग एम्ला हे मलम आलं. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही दोन्ही भुकटीरूप औषधं ठराविक प्रमाणात मिसळली की त्यांचं तेल होतं आणि ते शाबूत चामडीतूनही आत मुरतं. प्रिलोकेनही लोफग्रेनच्याच प्रयोगशाळेतलं. मलम लावून तासभर थांबायचं आणि यंत्राखाली जायचं. दरम्यान यंत्रंही बदलली. लहर चामडीच्या जास्त रुंद भागातून आत घेतली की दर इंचावरचा मार कमी होतो, म्हणून नव्या यंत्रांत रुग्ण नुसत्या वेदनाशामक इंजेक्शनवरही पडून राहू लागले. १९८० च्या दशकात ही यंत्रं मुंबई-चेन्नईसारख्या शहरांत आली आणि सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येणं हे मुतखड्याच्या रुग्णासाठी शक्य झालं. ज्या रोगासाठी महिनाभर अंथरूण धरावं लागे, त्यात हा केवढा फरक.

याची किंमतही मोजावी लागली, आणि ती लपवू नये. कमी दुखणारी यंत्रं खडा फोडायला पहिल्या यंत्रांइतकी जोरकस नव्हती, त्यामुळे पुन्हा पुन्हा बैठका घेण्याचं प्रमाण वाढलं. जागा माणूस दुखलं की दचकतो, श्वास जोरात घेतो, आणि श्वासाबरोबर किडनी वरखाली होते. नेम धरलेला खडा लहरीच्या टप्प्यातून सटकतो. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांमध्ये खडा पूर्णपणे फुटण्याचं प्रमाण जास्त असल्याचं काही तुलनांमधून दिसलं. म्हणून तरुण, धडधाकट माणसाला उगाच जागं ठेवण्यात शहाणपण नाही, आणि हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या म्हाताऱ्याला उगाच झोपवण्यातही नाही. पाठीतून खडा काढण्याच्या शस्त्रक्रियाही निवडक रुग्णांवर नुसती वाट बधिर करून झाल्या आहेत. पण खडा मोठा असेल, शाखा फुटलेला असेल, तर आतला दाब आणि ताण त्या भुलेला दाद देत नाही. २०१६ मध्ये कॅनडातून पुढे आलेली पाठीच्या स्नायूंच्या थरात औषध पसरवण्याची पद्धत इथे मदतीला येऊ लागली आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत ती दिली जाते, त्यामुळे मणक्याजवळच्या टोचणीतला धोका बराच कमी होतो.

खुद्द कळेवरही लिग्नोकेन वापरून पाहिलं गेलं. इराणमधल्या तब्रीझला २०१२ मध्ये मुतखड्याची कळ घेऊन आलेल्या २४० रुग्णांवर शिरेतून दिलेलं लिग्नोकेन आणि मॉर्फिन यांची तुलना झाली. अर्ध्या तासात लिग्नोकेनने जास्त रुग्णांना आराम पडला असं निघालं. पुढच्या अभ्यासांत निकाल इतका ठळक राहिला नाही आणि शिरेतून दिलेलं लिग्नोकेन हृदयाच्या ठोक्यांशी खेळू शकतं, म्हणून कळेवर पहिलं इंजेक्शन आजही डायक्लोफेनॅकच्या जातीचंच असतं. किडनी खराब असेल तर तेही विचार करूनच.

या सगळ्यात मला गुडविनची सुई सर्वांत मोलाची वाटते. खडा किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत अडकून वरची किडनी पुवाने भरली, ताप चढला, रक्तदाब उतरू लागला, तर खडा काढत बसायला वेळ नसतो. अशा रुग्णाला पूर्ण भूल देणं धोक्याचं, थांबणं त्याहून धोक्याचं. पोटुशी बाई असेल तर दोन जिवांचा प्रश्न. तेव्हा तिला कुशीवर वळवतात, सोनोग्राफीत किडनी पाहतात, पाठीतली बोटभर जागा लिग्नोकेनने बधिर करतात आणि सुईवाटे बारीक नळी बसवतात. तुंबलेला पू पिशवीत उतरू लागतो. खड्याचं काय करायचं ते ताप उतरल्यावर, बहुधा बाळंतपण झाल्यावर ठरवतात.